वस्तीचा वॉचमन आणि घराची कडी



गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेच्या कमिटीची बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली. सेकंड शिफ्टवाले येऊ शकले नाहीत, तरी खोली भरली होती. विषय एकच होता. रु. ३८,०००/- ची एक लोखंडी पेटी घ्यायची की नाही? या पेटीचे नाव हार्डवेअर फायरवॉल. वहीइतकी लांबी-रुंदी, मागे चार-पाच वायरींची भोके आणि पुढे हिरवे दिवे. पेटी विकायला आलेला तरुण मोठा गोड बोलणारा होता. "काका, ही बसवली की तुम्हाला झोप लागेल," असे तो म्हणाला. दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी रु. १४,०००/- नूतनीकरणाचे भरावे लागतील, हे मात्र कोटेशनच्या मागच्या पानावर होते.

आम्हाला झोप लागत नव्हती हे खरे. त्याचे कारण आधी सांगतो, कारण त्यात माझीही चूक आहे. ती लपवून उपदेश करणे बरे नव्हे.

काय घडले

आमची अभ्यासिका बोईसरला नवापूर रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांत चालते. चार संगणक, एक प्रिंटर आणि एक फायबरचे कनेक्शन एवढा संसार आहे. पोलीस भरती, तलाठी, रेल्वे यांचे अर्ज तेथे भरले जातात. मुलांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म तेथेच भरतात. अर्ज भरायचा म्हणजे कागदपत्रे आली. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, दहावी-बारावीची गुणपत्रिका असे सगळे स्कॅन करून एक नंबरच्या संगणकावर प्रत्येकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेले असे. पुढच्या वर्षी पुन्हा स्कॅन करायला नको, हा हेतू.

एका सकाळी अभ्यासिका उघडली तर एकही फोल्डर उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावापुढे भलतीच अक्षरे लागलेली, आणि पडद्यावर इंग्रजीत मजकूर : पैसे भरा, मग फाईली मोकळ्या करू. याला रॅन्समवेअर म्हणतात. सावकाराने घराला कुलूप लावून किल्ली खिशात घालावी तसा हा प्रकार आहे. आम्ही पैसे भरले नाहीत आणि फाईली परत मिळाल्या नाहीत.

बहुतेक मुलांकडे मूळ कागद होते. एका मुलीचा उत्पन्नाचा नवा दाखला मात्र घर गळून भिजला होता आणि स्कॅनची प्रत तेवढी आमच्याकडे होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाचे शेवटचे दिवस चालू होते. तिच्या आईने पालघरला तहसील कचेरीत दोन खेपा घातल्या. दाखला मिळाला, अर्जही वेळेत गेला. पण ती माउली एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगला आहे. तिच्या दोन हजेऱ्या बुडाल्या, त्या कोणी भरून दिल्या नाहीत. मला ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

खजिनदार ताईंचा प्रश्न

बैठकीत तरुण मंडळी पेटीच्या बाजूची होती. "मोठ्या ऑफिसात असते, मग आपल्याकडे का नको?" हा त्यांचा मुद्दा. आपल्या मुलांनी कमी दर्जाचे का घ्यावे, ही भावना मला समजते. आमच्या खजिनदार ताई मात्र शांतपणे वही उघडून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अडतीस हजार म्हणजे एकशे नव्वद घरांची दोनशेप्रमाणे वर्गणी. त्यापुढे दरवर्षी सत्तर घरांची वर्गणी नुसत्या नूतनीकरणाला. मला एवढंच सांगा, भाऊ, ही पेटी त्या दिवशी असती तर आपल्या फाईली वाचल्या असत्या का?"

उत्तर कोणालाच देता येईना. विषय पंधरा दिवस तहकूब झाला आणि चौकशीचे काम माझ्याकडे आले. मी बी.कॉम. झालेला कारकून. संगणकावर पत्र टाईप करणे आणि पगारपत्रक तयार करणे एवढेच माझे ज्ञान. पण नेटवर्कचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या मित्राजवळ बसून, विचारून-विचारून जे समजले ते येथे मांडतो. आता घरोघरी फायबर आले आहे, मुलांकडे लॅपटॉप आहेत, दारावर कॅमेरे लागले आहेत. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

फायरवॉल म्हणजे आवक-जावक टेबल

फायरवॉल या शब्दाचा अर्थ आगीची भिंत. इमारतीच्या एका भागातील आग दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून मध्ये जी भिंत बांधतात, तिचे हे मूळ नाव. तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाला तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

संगणकातली फायरवॉल मात्र मला आमच्या ऑफिसातल्या आवक-जावक टेबलासारखी वाटते. आपण बाहेर पत्र पाठवतो तेव्हा त्याला जावक क्रमांक पडतो. उत्तर येते तेव्हा त्यावर लिहिलेले असते, "आपले पत्र क्रमांक अमुक". कारकून रजिस्टर बघतो, क्रमांक जुळला की पत्र आत घेतो. ज्या पत्राला कोणताच संदर्भ नाही, कोणी मागवलेले नाही, ते टपाल तो आत येऊ देत नाही. फायरवॉलही हेच करते. तुम्ही एखादे संकेतस्थळ उघडले की त्याची नोंद होते आणि त्याचे उत्तर आत येते. जे कोणी मागवलेले नाही ते बाहेरच राहते.

असे न मागवलेले टपाल येते कोठून? संगणकाला नेटवर्कची दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. जगभर असे कार्यक्रम रात्रंदिवस चालू असतात, जे एकामागून एक पत्त्यावर जाऊन ही दारे ढकलून पाहतात. त्यांना बोईसर आणि बोस्टन सारखेच. आपल्याला कोण लुटणार, आपल्याकडे आहे काय, असे म्हणून चालत नाही. चोर आपल्याला ओळखून येत नाही, तो फक्त उघडे दार शोधतो.

पेटीतली आणि संगणकातली

आता मूळ प्रश्न. हे आवक-जावक टेबल बसवायचे कोठे? वस्तीच्या फाटकाशी की प्रत्येक घराच्या दारात?

फाटकाशी बसवले तर ती हार्डवेअर फायरवॉल. बाहेरून येणारी तार जेथे आत शिरते तेथे ती असते. तिच्यामागे असलेल्या सगळ्या वस्तूंना, म्हणजे संगणक, टीव्ही, कॅमेरा, मोबाईल यांना एकदम संरक्षण मिळते. आतल्या एखाद्या संगणकात विषाणू शिरला तरी तो या पेटीला सहजासहजी बंद करू शकत नाही, कारण ती वेगळी वस्तू आहे.

दारात बसवले तर ती सॉफ्टवेअर फायरवॉल. ती संगणकातच एक कार्यक्रम म्हणून चालते. घरातला कोणता कार्यक्रम बाहेर बोलू पाहतो आहे हे तिला कळते, पेटीला ते कळत नाही. लॅपटॉप कॉलेजात किंवा मामाच्या गावी नेला तर ती त्याच्याबरोबर जाते. वस्तीचा वॉचमन काही आपल्याबरोबर गावी येत नाही. उणी बाजू अशी की संगणकच चोराच्या ताब्यात गेला तर तो ही फायरवॉल बंद करू शकतो. शिवाय टीव्हीवर किंवा कॅमेऱ्यावर आपण ती बसवू शकत नाही.

आता एक गोष्ट जी त्या विक्रेत्याने आम्हाला सांगितली नाही. यातली दोन्ही आपल्याकडे आधीच असतात. इंटरनेटवाल्याने बसवलेला राऊटर, ज्याला आपण मोडेम किंवा वाय-फायचा डबा म्हणतो, तो फाटकावरच बसलेला असतो. बाहेरच्या जगाला जुन्या पद्धतीचा एकच पत्ता दिसतो आणि आतल्या सगळ्या वस्तू त्या एका पत्त्यामागे असतात. चाळीच्या पत्त्यावर खोली क्रमांक नसलेले पत्र आले तर पोस्टमन ते कोणाला देणार? तसेच न मागवलेले टपाल राऊटरपाशी अडते. आयपीव्ही-सहा या नव्या पद्धतीत मात्र प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. म्हणून राऊटरमधली फायरवॉल चालू आहे ना, हे पाहावे लागते.

आणि विंडोजच्या संगणकात सॉफ्टवेअर फायरवॉल फुकट येते. यामागेही इतिहास आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती बंद ठेवून दिलेली असे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. त्यासाठी कोणी काही उघडावे लागत नव्हते. संगणक इंटरनेटला जोडला आणि दार उघडे असले की पुरे. त्यानंतर ऑगस्ट २००४ च्या दुरुस्ती संचापासून मायक्रोसॉफ्टने ही फायरवॉल पहिल्यापासून चालू ठेवायला सुरुवात केली. म्हणजे आता ती बंद असेल तर ती कोणी तरी बंद केलेली असते.

आमच्या अभ्यासिकेत ती मी बंद केली होती. दोन वर्षांपूर्वी एक नंबरच्या संगणकाला लावलेला प्रिंटर बाकीच्या संगणकांना सापडेना. फोनवर एकाने सांगितले, "साहेब, फायरवॉल ऑफ करा, चालेल." मी चारही संगणकांवर ती बंद केली आणि सोबत कागदपत्रांचे अख्खे फोल्डर पासवर्डाशिवाय सर्वांना खुले केले. प्रिंटर चालू झाला, मी खूश झालो. एक खिडकी उघडायची होती, मी भिंतच काढली. पुन्हा चालू करण्याची आठवण मला कधी झाली नाही.

ताईंना दिलेले उत्तर

मग त्या दिवशी काय झाले असावे? एका मुलाला भरतीच्या अर्जासाठी फोटो पन्नास केबीच्या आत बसवायचा होता. त्याने विकत मिळणारा एक कार्यक्रम "फुकट" देणाऱ्या संकेतस्थळावरून उतरवून घेतला. चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना तेथे होती. त्याने ती पाळली. त्या मुलाला मी दोष देत नाही. फोटो लहान करण्याचे साधे साधन आम्ही त्याला आधीच द्यायला हवे होते. त्या कार्यक्रमातून विषाणू दोन नंबरच्या संगणकावर आला आणि तेथून आमच्या खुल्या फोल्डरमध्ये गेला.

आता पेटीचा विचार करा. ती फाईल मुलाने स्वतः मागवली होती, म्हणजे जावक क्रमांक जुळत होता. साध्या फायरवॉलने ती आत घेतलीच असती. महाग पेटी फाईली तपासते, हे खरे आहे. पण आजकाल इंटरनेटवरचे बहुतेक टपाल बंद पाकिटात, म्हणजे सांकेतिक रूपात येते. ते पाकीट फोडून तपासायचे तर प्रत्येक संगणकावर वेगळी व्यवस्था करावी लागते आणि ती सांभाळायला जाणकार माणूस लागतो. आमच्याकडे तो नाही. दुसरे असे की दोन नंबरवरून एक नंबरवर विषाणू गेला तो खोलीतल्या खोलीत. ते टपाल फाटकाशी गेलेच नाही, तर फाटकावरचा पहारेकरी काय अडवणार? तेथे प्रत्येक दाराची कडीच उपयोगी. म्हणजे फोल्डर खुले नसते आणि फायरवॉल चालू असती, तर दोन नंबरचे नुकसान तेथेच थांबण्याची शक्यता होती.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने सुमारे दीडशे देशांत दोन लाखांवर संगणक बंद पाडले, ते याच रीतीने. एकदा आत शिरले की एका संगणकावरून दुसऱ्यावर. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली नाही ते सापडले.

म्हणून पुढच्या बैठकीत मी ताईंना सांगितले, "त्या दिवशी ही पेटी असती तरी बहुधा फाईली वाचल्या नसत्या. फाईलींची दुसरी प्रत काढून ठेवली असती तर नक्की वाचल्या असत्या." ठराव झाला : पेटी घेऊ नये. खर्च पुढीलप्रमाणे मंजूर झाला. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क रु. ४,६००, वायरी व स्विच रु. ९००, कारागिराची मजुरी रु. १,५००, एकूण रु. ७,०००. प्रिंटर आता थेट राऊटरला जोडला आहे, फोल्डर कोणालाही खुले नाही, चारही फायरवॉल चालू आहेत. दर शनिवारी कागदपत्रांची प्रत डिस्कवर घेऊन डिस्क काढून कपाटात ठेवली जाते. काढून ठेवणे महत्त्वाचे. जोडलेली राहिली तर तिच्यावरच्या फाईलीही कुलूपबंद होतील.

मग पेटी कोणी घ्यावी? जेथे वीस-पंचवीस संगणक आहेत, लोकांचे पैसे किंवा आजाराच्या नोंदी आहेत, बाहेरून कामासाठी आत यावे लागते आणि पेटीकडे लक्ष देणारा पगारी माणूस आहे, अशा पतपेढ्या, दवाखाने, शाळा, कारखाने यांनी जरूर घ्यावी. घराला आणि लहान अभ्यासिकेला राऊटर व संगणकातली फायरवॉल, दोन्ही नीट चालू असतील तर पुरे. हे की ते, असा वाद घालण्यापेक्षा दोन्ही चालू ठेवावीत. वॉचमन असला म्हणून कोणी रात्री घराची कडी उघडी टाकून झोपत नाही.

तरीही चोर आत येतो

भिंत कितीही चांगली असली तरी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चारही खऱ्या घडलेल्या आहेत.

पहिली नवी मुंबईची. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले. त्याच्या थोडेच आधी धमकीचा ई-मेल आला. तपासात तो सानपाड्यातल्या एका घराच्या इंटरनेट कनेक्शनवरून आल्याचे निघाले. तेथे एक अमेरिकन गृहस्थ भाड्याने राहात होते. त्यांचा संगणक ताब्यात घेतला, चौकशी झाली. प्रत्यक्षात त्यांचे वाय-फाय नीट बंदिस्त नव्हते आणि दुसऱ्यांनीच ते वापरले होते. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका कॉलेजचे आणि चेंबूरच्या एका कंपनीचे वाय-फाय असेच वापरले गेले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या. वाय-फाय उघडे असेल तर चोर भिंतीच्या आतच येऊन बसतो. मग फायरवॉल कोणतीही असो. एका शिकलेल्या परदेशी माणसाला हा त्रास झाला, तर आपल्या वस्तीतल्या पोराच्या दारात पोलीस आल्यावर त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला किती दिवस लागतील, याचा प्रत्येक आई-बापाने विचार करावा. शेजारधर्म म्हणून पासवर्ड वाटू नका. शेजारच्या मुलाला अभ्यासाला इंटरनेट हवे असेल तर त्याला घरात बोलावून बसवा.

दुसरी गोष्ट मोडेमची. जुलै २०१७ मध्ये कर्नाटकासह काही भागांत बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका विषाणूने बंद पाडले. ज्या मोडेममध्ये पहिल्या दिवसापासूनचा "ॲडमिन" हाच पासवर्ड राहिला होता, ते सापडले. कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. फाटकावरचा पहारेकरीच चोराने उचलून नेला, असा हा प्रकार.

तिसरी कॅमेऱ्याची. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या सीसीटीव्हीची चित्रे चोरून विकली जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले. पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते. त्या व्यवस्थेचा पासवर्डही "ॲडमिन" या शब्दापुढे एक-दोन-तीन एवढाच होता, असे तपासाच्या बातम्यांत आले. आपल्या आया-बहिणींच्या अब्रूचा हा प्रश्न आहे. कॅमेरा दारावर लावा, घराच्या आत शक्यतो लावू नका. आणि मोबाईलवर दिसावा म्हणून कारागीर राऊटरमध्ये "पोर्ट फॉरवर्ड" करून देतो म्हणाला तर त्याला थांबवा. ते भिंतीला पाडलेले कायमचे भोक आहे.

चौथी गोष्ट तारापूरच्या लोकांना जवळची. आपल्याकडचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू झाले, ते न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनच्या अखत्यारीत आहे. याच कॉर्पोरेशनच्या तामिळनाडूतील कुडनकुलम केंद्राच्या संदर्भात, एका संगणकात विषाणू आढळल्याचे ३० ऑक्टोबर २०१९ रोजी कॉर्पोरेशनने मान्य केले. तो संगणक इंटरनेटला जोडलेल्या प्रशासकीय कामाच्या नेटवर्कवर होता, आणि अणुभट्टीच्या नियंत्रणाची यंत्रणा त्यापासून अलग असल्याने तिला धक्का लागला नाही, असे त्यांनी सांगितले. यातून घरासाठी धडा असा की जे सर्वांत महत्त्वाचे ते मुळातच अलग ठेवावे. आपली कपाटातली डिस्क म्हणजे तेच.

या रविवारी एवढे करा

१) मोडेमच्या पाठीवरच्या लेबलावर त्याचा पत्ता व मूळ पासवर्ड असतो. त्या पत्त्यावर जाऊन ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि घरातल्या वहीत लिहून ठेवा. जमत नसेल तर इंटरनेटवाल्याला बोलावून समोर बसून बदलून घ्या. नवा पासवर्ड त्याने नव्हे, तुम्ही टाईप करा.

२) वाय-फायचा पासवर्ड निदान बारा अक्षरांचा असावा. मुलाचे नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर नको. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-दोन किंवा डब्ल्यूपीए-तीन असावा.

३) राऊटरमधली फायरवॉल चालू आणि बाहेरून राऊटर चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद असल्याची खात्री करा.

४) विंडोजच्या संगणकावर "विंडोज सिक्युरिटी" उघडा, त्यात "फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन" पाहा. तीन ओळी दिसतील. तिन्हींपुढे चालू असे दिसले पाहिजे. विकतची वेगळी फायरवॉल घेण्याची सर्वसाधारण घराला गरज नाही.

५) एखादा कार्यक्रम चालत नाही म्हणून अख्खी फायरवॉल बंद करू नका. त्याच एका कार्यक्रमाला परवानगी देण्याची सोय असते.

६) दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, येतील तशा लावा. विंडोज-दहाला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. जुना संगणक असेल तर जाणकाराला दाखवा.

७) महत्त्वाच्या कागदांची एक प्रत संगणकापासून अलग डिस्कवर ठेवा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये, गळक्या भिंतीपासून दूर.

ज्यांच्या घरी फक्त मोबाईल आहे त्यांनी वेगळी फायरवॉल शोधत बसू नये. मोबाईलला धोका आहे तो आपण स्वतः आत घेतलेल्या वस्तूंचा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचे चलान, वीजबिल अशा नावाने ॲपची फाईल येते. ती उघडू नका. कोणी फोन करून पडदा दाखवणारे ॲप घ्यायला सांगितले तर फोन ठेवा. ओटीपी कोणालाही सांगू नका. ज्याला आपण स्वतःच "या, बसा" म्हणतो त्याला कोणतीही भिंत अडवत नाही. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा, जितके लवकर तितकी रक्कम थांबण्याची आशा जास्त. विषाणू काढण्याची मोफत साधने केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात.

बैठक संपल्यावर तरुण मंडळी थोडी हिरमुसली होती. त्यातल्याच दोघांना आता दर शनिवारी प्रत काढण्याचे काम दिले आहे, आणि ते वहीत सही करून वेळ टाकतात. ज्या मुलीचा दाखला गेला होता ती आता संगणकांची यादी सांभाळते. परवा तिने मला विचारले, "काका, तुमच्या घरच्या मोडेमचा पासवर्ड बदलला का?" मी बदलला नव्हता. त्या रात्री जेवणाआधी बदलला.

ज्यांना हे एकट्याने जमत नसेल त्यांनी लॅपटॉप घेऊन रविवारी सकाळी दहा ते बारा अभ्यासिकेत यावे. फी नाही. मोडेमच्या लेबलाचा फोटो मोबाईलवर काढून आणावा, म्हणजे खोटी होणार नाही.